मापाला उभा पुढारी

कुरखेड्याच्या रज्जाकचाचांच्या शिलाई दुकानात पुढारी आला की चाचा त्याचं माप फार सावकाश घेत. छाती झाली की बाही, बाही झाली की पुन्हा छाती. पुढारी हात फाकवून उभा आणि चाचा खालच्या आवाजात लोकांची कामं सांगताहेत. "मंचावर तो बोलते, गाडीत तो पळते," ते मला म्हणायचे, "मापालेच तेवढा उभा राह्यते, बेटी."

निवडणुकीत सगळ्या पक्षांचे झेंडे-दुपट्टे चाचाच शिवत आणि एकाच दोरीवर टांगत. एकदा एक कार्यकर्ता चिडला, "आमचा दुपट्टा त्यायच्या बाजूले काऊन?" चाचांनी मशीन थांबवलं नाही. "शिवून राह्यलो तवरी भांडू नका. घरी नेऊन खुशाल भांडा."

मी सातवीनंतर शाळा सोडली. हायस्कूल कुरखेड्यात, बस फाट्यापर्यंतच आणि पुढे आमच्या गावापर्यंत जंगल. त्यात हत्तींचा कळप फिरायला लागला. बाबा म्हणाले, जीव राहिला तर शिक्षण. मोठी झाल्यावर कुरखेड्यात मावशीकडे राहून मी चाचांकडे शिवणकामाला लागले. मावशीची खोली एकच. कमावत्या मुलीला तिथे जागा होती, शिकणाऱ्या दुसरीला नव्हती. आणि आता धाकटी सुनीता सातवी पास झाली होती. तीही घरीच बसणार, या धास्तीनं माझ्या हातून काज वाकडी व्हायला लागली. चाचांनी कारण विचारलं. मी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी एका पक्षाचे भाऊ जाकिटाच्या मापाला आले. चाचांनी त्यांच्या गळ्याभोवती टेप धरला आणि मला हाक मारली. "मंगला, भाऊले सांग, शाळा काऊन सोडली?"

मी खाली बघत पुटपुटले, "बस नाई म्हणून."

"जोरानं. भाऊले ऐकू नाई गेलं."

"फाट्याच्या पुढं हत्ती हायेत. मी घरी बसली. आता माही बहीण बसन!" मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"चाचा, टेप काढा ना, सभेले उशीर होऊन राह्यला."

"काढतो. बसचं बोला."

"तुमी त्यायच्या पक्षाचे दिसता," म्हणत भाऊंनी टेप ओढून काढला आणि जाकीट शिवायला न टाकताच गेले. झेंड्यांचं कामही त्यांनी दुसऱ्या दुकानाला दिलं. मला रडू आलं. चाचा म्हणाले, "अवं, नाराज माणूस घरी जाऊन तेच तं आठवत बसते."

संध्याकाळी विरोधी पक्षाचे दादा कुर्त्यासाठी आले. भाऊंनी बसचं टाळलं हे कळताच त्यांनी हात वर असतानाच फोन मागितला आणि बससाठी डेपोत लावला. ही बातमी भाऊंकडे पोचली, मग तेही डेपोत जाऊन बसले. शाळा उघडल्या तेव्हा बस गावात आली. दोघांनीही हार आणले होते. बसवर कोणाचा हार वर लागणार यावरून कार्यकर्त्यांची ओढाताण सुरू झाली. चाचा पुढे झाले. "दोन्ही राहू द्या. फक्त ड्रायवरले रस्ता दिसला पायजे." आणि सुनीताला त्यांनी पहिल्या सीटवर बसवलं.

मी पुढे तामिळनाडूत तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात आले. भाषा परकी; सुपरवायझरनं नुसतं पाहिलं तरी भीतीनं माझं मशीन थांबायचं. फोनवर रडले की चाचा म्हणायचे, "भेव वाटते तं वाटू दे. तू काम नको थांबवू." मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मला पोचता आलं नाही. भाऊ आणि दादा, दोघांनीही खांदा दिला, असं सुनीता सांगत होती.

ती आता बारावीत आहे आणि मी बाहेरून दहावीला बसते आहे. सकाळी मी कामावर जायच्या आधी ती मला बसमधूनच फोनवर बीजगणित शिकवते. मागे कंडक्टर ओरडत असतो, पोरी खिदळत असतात. जंगल लागलं की रेंज जाते. मग बस पलीकडे निघेपर्यंत गणित मला एकटीला सोडवावं लागतं. रेंज आली की ती आधी विचारते, "आलं का ताई उत्तर?"

हल्ली बऱ्याचदा आलेलं असतं.