ताईच्या दमाची ओळ

“वही मीच दिली तिला, ताई. पेटीवाल्यावर कशाला खेकसतेस?”

“मग ह्या वहीत माझं गाणं एवढं लांब कसं?”

मास्तरांनी मान खाली घातली. थोरल्या बहिणीपुढं मान खाली घालायचा त्यांना एकसष्ट वर्षांचा सराव होता.

झालं होतं असं. येत्या रविवारी त्यांच्या जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग लागला होता. ताईंचा गुडघा धरलेला, ऐन वेळी अडचण नको म्हणून बदलीला एक गाणारी शिक्षिका तालमीला बोलावली. मास्तरांनी ट्रंकेतून वही काढली आणि न बघताच तिच्या हातात दिली. बाई उभी राहिली आणि चोवीस मात्रांची अख्खी ओळ एका दमात म्हणून मोकळी झाली. ताई बाजूला चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

मास्तर हे नुसतं म्हणायला. शाळेत कधी शिकवायला नव्हते. दोघं भावंडं एका फिरत्या नाटक मंडळीत वाढली. ताई गायची, हा पडदा ओढायचा. दोरी धरून बसल्या बसल्या त्याला कळलं, की बरीच गाणी चालीमुळं पडत नाहीत, गाणाऱ्याचा दम भलत्या जागी तुटतो म्हणून पडतात. चोविसाव्या वर्षी त्यानं पहिलं नाटक लिहिलं ते शिंप्यासारखं माप घेऊन. ताईला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, “बोल, दम संपेपर्यंत बोल,” म्हणायचं आणि टेबलावर बोटानं मात्रा मोजायच्या. ओळ तेवढीच. श्वास घ्यायच्या जागी वहीत उभी रेघ.

पुढं एकतीस नाटकं लिहिली आणि बसवली. सात चालली, बाकीची आपटली. सगळी प्रेमगीतं लिहून झाली ती टायरच्या गोदामावरच्या तालमीच्या ह्या हॉलमध्ये, रबराच्या वासात. घरी बायको म्हणायची, “मी बोलते तेव्हा तुम्ही ऐकत नाही हो, मोजता.” ते खोटं नव्हतं.

म्हणूनच बारा वर्षांपूर्वी ताईंचा दम उतरायला लागला तेव्हा मास्तरांना तो ताईंच्या आधी कळला. सांगायची छाती झाली नाही. त्यांनी ओळ मोडली आणि मध्ये चार जणांचा कोरस घातला. कोरस गातोय तेवढ्यात ताई श्वास घेणार. वर त्यांना सांगितलं, “लोकांना आता लांब ओळ ऐकवत नाही.” दर दोन वर्षांनी नवी वही निघे, कोरस वाढे. चोवीस मात्रांच्या अठरा झाल्या, अठराच्या बारा. आज शिक्षिकेच्या हाती गेलेली ती पहिली वही जाळायला हवी होती, पण लिहिणाऱ्याच्या हातून तेवढं होत नाही.

“कधीपासून चाललंय हे?” ताईंनी विचारलं.

“झाली बारा वर्षं.”

“आणि मी सांगत फिरले, साठी उलटली तरी आवाज होता तसा आहे. तू शेजारी उभा राहून मान हलवत होतास, छोट्या.”

“मग काय चारचौघांत खोटं पाडू तुला?”

“कोरसवाल्यांना माहीत होतं?”

कोरसमधला जाड्या छताकडं बघायला लागला. त्याच्या शेजारचा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला बसला.

“म्हणजे मी सोडून सगळ्यांना.”

ताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शिक्षिकेच्या हातातून वही घेतली आणि पेटीवाल्याला म्हणाल्या, “सूर दे.” पंधराव्या मात्रेला आवाज फाटला. पुन्हा घेतली. चौदालाच संपली. तिसऱ्यांदा त्यांनी घेतली नाही.

शिक्षिका ओशाळून म्हणाली, “ताई, मी काय, बदलीला आलेय. मला ती छोटी वहीच द्या, मी तीच म्हणते.”

“ती माझ्या मापाची आहे. तुझ्या अंगाला कशाला तंग कपडे?” मग भावाकडं वळून म्हणाल्या, “रविवारी नायिका ही करेल. मी आईचं काम करते.”

“आईला गाणं नाहीये, ताई.”

“माहितीय मला.”

“मी लिहितो एक. छोटंसं.”

“वहीला हात तर लावून बघ. बारा वर्षं लिहिलंस तेवढं पुरे झालं.”

“तुला राग आलाय.”

“आलाय. म्हणून काय प्रयोग रद्द करायचा?”

हे कळलं तर ताई आपला आवाज उचलून दुसऱ्या मंडळीत जाईल, नाहीतर गाणंच सोडेल, ह्या धास्तीत मास्तरांनी बारा वर्षं काढली होती. तसं काहीच झालं नाही. ताईंनी गार झालेला चहा संपवला, आईची पानं मागून घेतली आणि चष्मा पुसून पाठ करायला बसल्या. मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं, इथंच बाकावर जरा आडवं व्हावं.

“मास्तर,” जाड्या म्हणाला, “ही बाई अख्खी ओळ म्हणणार, तर आम्ही मध्ये गायचं कुठं?”

“कुठंच नाही. मागं उभं राहायचं.”

“नुसतं?”

“जमेल तुला. छत बघ.”

पाच गाण्यांतला कोरस काढायचा होता. कोरस, वाजवणारे धरून सगळ्यांच्या हातातल्या वह्या अकरा होत्या. मास्तरांनी खोडरबर मागून घेतलं, पेटीवाल्याला त्या शिक्षिकेचं दुसरं गाणं बसवायला सांगितलं आणि त्यातली सगळ्यात वरची पुढ्यात ओढली.