पाहुण्यांबरोबरचा चहा

ड्रेसिंग पुन्हा ओलं दिसलं. आप्पांचा गुडघा बदलून तिसरा आठवडा चालू होता. एव्हाना जखम खडखडीत कोरडी हवी.

मी फिजिओथेरपिस्ट. वरवंडच्या आसपास घरोघरी जाऊन ऑपरेशन झालेल्यांचे व्यायाम घेते. आप्पा खुटबावच्या अलीकडं वस्तीवर राहणारे, गावकीत वजन असलेले आणि जुने डायबेटिसवाले. त्यांना एकच हवं होतं, काठीशिवाय आपल्या उसापर्यंत जायचं. त्यासाठी त्यांनी ऑपरेशनआधी कडक पथ्य पाळून शुगर खाली आणली, तेव्हा कुठं सर्जन तयार झाले.

"आप्पा, वाकवा गुडघा."

"वाकतोय कुठं? कालपास्नं ठणकतोय."

हात लावला तर गुडघा तापलेला. बोटाला टोचून शुगर बघितली. चारशेच्या घरात!

"काकू, गोड काय देताय यांना?" मी त्यांच्या बायकोला विचारलं.

"देवाशप्पत न्हाई, मॅडम. साखरंचा डबाच माळ्यावर टाकलाय."

काकू खोटं बोलत नव्हत्या. तेवढ्यात भांडगावचे दोन पाहुणे आप्पांना बघायला आले. काकूंनी चहा आणला. पाहुण्यांना दिला, मला दिला आणि आप्पांनाही. मी आप्पांच्या हातातला कप घेऊन घोट घेतला. गोडमिट्ट.

"गुळाचा हाय," आप्पा म्हणाले. "आपल्याच गुऱ्हाळाचा. गुळानं कुठं शुगर वाढती व्हय?"

"साखरेइतकीच वाढते, आप्पा! दिवसाला किती कप होतात?"

"जेवढी माणसं येत्यात तेवढं. आल्या माणसाला एकट्यालाच च्या पाजायचा आन् आपण तोंडाकडं बघत बसायचं? बरं दिसतं का?"

मला असा राग आला, पण काढायचा कुणावर? पाहुणे मान खाली घालून बशीत बघत होते. ते बिचारे मायेनंच आले होते.

शुगर चढली की जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी सुस्तावतात आणि जखम भरायची थांबते. त्यात नवा सांधा धातूचा आणि प्लॅस्टिकचा. त्याला रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही नीट पोचत नाही. जंतू एकदा त्याला चिकटले की हलता हलत नाहीत.

मी तिथूनच सर्जनना फोन लावला.

"जखमेतून पाणी येतंय, सर. गुडघा गरम आहे. शुगर चारशे."

"आत्ता निघा म्हणावं. उद्यावर टाकू नका."

आप्पांच्या मुलानं दुपारीच गाडी काढली. पुण्यात गुडघा उघडून धुतला, पण जंतू आधीच सांध्यापर्यंत पोचले होते. शेवटी नवा सांधा काढावा लागला. पुढं काही महिने इन्सुलिन आणि अँटिबायोटिक चाललं, तरी इन्फेक्शन उलटलंच. मग डॉक्टरांनी वरचं आणि खालचं हाड एकमेकांना जोडून टाकलं. पाय वाचला. तो आता वाकत नाही.

मागं त्यांना बघायला गेले. म्हणजे मीही पाहुणीच. आप्पा ओट्यावर खुर्चीत होते, पाय समोर स्टुलावर काठीसारखा सरळ. ऊस समोरच उभा होता. काकूंनी दोन कप आणले.

"माझा बिनगुळाचा हाय," आप्पा म्हणाले. "घ्या मॅडम, तुमच्या जोडीला घेतो."

त्यांनी एक कडू घोट घेतला. मी माझा गोड कप खाली ठेवला.

आता डायबेटिसच्या नव्या पेशंटकडं गेले की साखर खाता का, एवढ्यावर मी थांबत नाही. घरी कोण कोण भेटायला येतं आणि त्यांच्याबरोबर चहा कोण पितं, तेही विचारते. लोक हसतात. हसू देत.