मागून हाकणारा

शिरड शहापूरच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी आमी पोरं सकाळी पळायचो, तेव्हा तो कायम सगळ्यांच्या मागं असायचा. दम घोड्याचा, पण सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. "पुढं काहून पळत न्हाईस?" विचारलं की म्हणायचा, "मी पुढं गेलो तर मागचं कोण बघल?"

कुणी ढिला पडला की त्याच्या तोंडून आपोआप "हुर्र, हुर्र" निघायचं आणि पोट धरून चालणारंही पोरगं उधळायचं.

हिंगोलीच्या मैदानावर धावण्याच्या चाचणीतही तेच झालं. शिट्टी वाजली, आमी सुटलो आणि मागून "हुर्र" आलं. कळप वाड्यात कोंडावा तसा सगळा घोळका त्यानं वेळेत रेषेपार घातला. मग कुणी मागं राहिलं का, हे वळून बघून स्वतः निवांत आला. आमच्यातले बरेच भरती झाले. तो नापास.

परवा जवळा बाजारच्या रस्त्यावर त्याची मेंढरं आडवी आली, तर एक पोलीस मोटारसायकलवरून त्याच्यावर खेकसला. मी सोबत होतो, माझंच डोकं फिरलं. तो मात्र कौतुकानं बघून राहिला होता.

"वरडू दे," म्हणाला. "आपल्याच कळपातलं हाय."