भरबाजारात खाल्लेलं लोणचं

"हिच्या लोणच्यानं माझं पोरगं मेलं असतं!" असं ओरडत एका माणसानं बरणी माझ्या पुढ्यात आपटली. जव्हारचा आठवडी बाजार, ऐन गर्दीची वेळ. तेल माझ्या लुगड्यावर उडालं, करवंदं लोकांच्या चपलांखाली गेली. आरडाओरडा तो करत होता आणि लोक बघत होते माझ्याकडे.

मी विचारलं, "पोरानं आणखी काय काय खाल्लं?"

"तुला कशाला पाहिजे, म्हातारे?"

पोर आदल्या दिवशी दाभोसा गावात लग्नाला जाऊन तट्ट जेवलं होतं, हे मागून कळलं. पण लग्नाच्या जेवणाला कोण बोल लावणार? तिथं सोयरे. त्यापेक्षा लोणचंवाली म्हातारी बरी.

लोणचं आमच्या बचत गटाचं. आम्ही मोखाड्याकडच्या बायका. सूर्यमाळच्या रानात कच्ची करवंदं तोडायची, काटे आणि चीक हाताला घ्यायचा, मग लोणचं घालायचं. गट व्हायच्या आधी दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचो. माझे गुडघे भट्टीनंच खाल्ले. हा धंदा बुडाला तर पुन्हा भट्टी, आणि ती मला झेपणार नव्हती.

परतीच्या जीपमध्येच बायकांनी हात झटकले. एक म्हणाली, "मसाला तर तूच घालतेस बाय, आमचा काय संबंध?" हीच बाई फोटोच्या वेळी बरणी छातीशी धरून सगळ्यांच्या पुढे उभी राहायची.

आम्हाला मार्केटिंग शिकवायला शहरातून एक साहेब यायचे. गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं, एवढं एक त्यांचं माझ्या लक्षात राहिलं. त्यांना फोन लावला.

"मावशी, लेबल बदला. नवीन नाव, नवीन रंग. लोक विसरतात."

"नाव बदललं तर लोक म्हणतील म्हातारीनं कबूल केलं."

"तुम्हाला यातलं कळत नाही."

"मग तुम्ही येऊन बसा माझ्या जागी."

ते कुठले येतात! असली माणसं पंख्याखाली शिकवायला बरी.

पुढच्या बाजाराला मी त्याच जागी तेच लेबल मांडून बसले. घरून नाचणीची भाकर आणली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचं, "यातली कुठलीही बरणी दाखव, ती उघडून खाते." लोक दाखवायचे आणि थांबून बघायचे, जसा आता माझ्या तोंडाला फेसच येणार. घ्यायचं मात्र कोणी नाही. शेजारची सुकटवाली ओरडायची, "बाय, मरशील हां!"

"मेले तर तुझ्या बोंबलांच्या वासानं मरेन," मी म्हणायची.

असे किती बाजार गेले. खार खाऊन खाऊन पोटात आग पडायची. लोक मला जिद्दीची म्हणू लागले. जिद्द कसली? मला भट्टी नको होती.

मग एका बाजारी तोच माणूस आला. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "एक बरणी दे. पोरगं त्याशिवाय जेवत नाही."

"आधी इथं खा."

"घरी खाईन की."

"ओरडलास कुठं? घरी?"

मी लोणचं लावून भाकरीचा तुकडा पुढे केला. त्यानं मान खाली घालून उभ्यानं खाल्ला.

"बघा रे बघा, पडतो का!" सुकटवालीनं बोंब ठोकली. बाजार हसला. तो बरणी पिशवीत कोंबून निघून गेला. तोंडातून माफीचा शब्द नाही. आणि मग जे इतके बाजार नुसते बघत होते, तेच हात पुढे करायला लागले. संध्याकाळी मी रिकामी टोपली घेऊन जीपमध्ये बसले.

गटातल्या बायकाही आल्या. म्हणे, "आपलं लोणचं चालायला लागलं!" मी म्हटलं, "माझं. करवंदं तोडायला या, रोजाचे पैसे देईन." काही येतात, तोंड वाकडं करून.

पोरगं जगलं, आता मोटारसायकल उडवत फिरतं. गट राहिला नाही. त्यातली मी एकटी अजून त्या जागी बसते.