आगीच्या बादल्यांतली स्ट्रॉबेरी

लहान स्टेशनवर किस्से फार साचतात. मोठ्या स्टेशनवर ज्याला त्याला गाडी पकडायची घाई. आमच्याकडे एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत गप्पांशिवाय काम काय? नवापूरच्या अलीकडचं आमचं स्टेशन. मी तिथे तारबाबू होतो. गोऱ्या साहेबांचा जमाना. पण स्ट्रॉबेरीच्या त्या एका हिवाळ्यात जेवढे किस्से पिकले, तेवढे पुढे उभ्या नोकरीत पिकले नाहीत!

*

झालं असं, की आमच्या स्टेशनमास्तरांना नंदुरबारला बदली हवी होती. मुलगी शाळेच्या वयाची झाली आणि आमच्या आसपास शाळा म्हणून नाही. लाइनीचे गोरे साहेब तपासणीला आले तेव्हा मास्तरांनी बदलीचा विषय काढला. साहेबांना कामापुरतं मराठी यायचं, आणि बागेचा भारी नाद! त्यांनी आपल्या सलूनमधून, म्हणजे गाडीला जोडलेल्या खास डब्यातून, महाबळेश्वरची सहा रोपं काढून मास्तरांच्या हातात दिली.

"थंडीतून ही जगवा. फळ दाखवा, मग बदलीचं बघू."

जमिनीत लावावीत तर वाळवी. कुंड्या आणायच्या कुठून? मास्तरांनी प्लॅटफॉर्मवरच्या आग विझवायच्या लाल बादल्या उतरवल्या, वाळू ओतून दिली, बुडाला भोकं पाडली आणि शेणखत घातलेली माती भरून रोपं लावून टाकली.

मी म्हटलं, "मास्तर, आग लागली तर?"

"तिला म्हणावं, फळं येईपर्यंत थांब!"

*

आग कसली थांबते! इंजिनाची ठिणगी उडून मालधक्क्याजवळचं वाळलं गवत पेटलं. सांधेवाला शंकर सवयीने धावला, हाताला आली ती बादली उचलली आणि रोपासकट आगीवर पालथी केली. आग जागच्या जागी विझली. मास्तर डोकं धरून खाली बसले.

शंकरने राखेत हात घालून रोप शोधलं, झटकलं आणि परत बादलीत खोचलं.

"काय नही व्हयनं मास्तर. जराशी शेकाई गयी!"

आणि ते रोप जगलं. मीसुद्धा रोज सकाळी तारेच्या आधी त्याच्याकडे बघायचो.

*

पौषात अशी थंडी पडली, की सकाळी रुळांवर दहिवर दिसायचं. मास्तर हवालदिल. त्यांची बायको मात्र खंबीर. आम्ही तिला माई म्हणायचो. शहाद्याकडच्या कळसाडीच्या शेतकऱ्याची लेक, कुणाच्या बापाला न भिणारी. एका रोपाने लांब देठ टाकून टोकाला पिल्लू धरलेलं तिने पाहिलं आणि मास्तरांवर कडाडली.

"अवो, हाई तं बाळंतीन शे! आन् तुम्ही तिले उघडावर ठी दिधं?"

झालं! सहाही बादल्या वेटिंग रूममध्ये खाटेवर गेल्या. खाली शेगडी, वर गोधडी, आणि संध्याकाळी ओव्याची धुरी. एक उतारू आत शिरला. त्याने वास घेतला, खाट पाहिली, अदबीने पागोटं काढलं आणि हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

शंकर म्हणाला, "स्ट्रॉबेरी!"

*

दिवसा ऊन मिळावं म्हणून बादल्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला ठेवायचो. एकदा दुपारीच बोचरं वारं सुटलं. माईने आपलं लाल लुगडं बांबूला बांधून आडोसा केला. तेवढ्यात मालगाडी आली आणि कचकन थांबली! ड्रायव्हर धापा टाकत आला.

"काय झालं? पूल गेला?"

शंकर शांतपणे म्हणाला, "नही. थंडी वाजी ऱ्हायनी."

*

माघात साहेब आले. बादल्यांत लालबुंद फळं लोंबत होती. साहेब आधी बादल्यांकडेच बघत राहिले.

"आगीच्या बादल्या?"

"ओली माती वाळूपेक्षा बरी विझवते साहेब," मास्तर छाती काढून म्हणाले. "अनुभव आहे!"

साहेब हसले. माईने फळं बशीत घालून वर नंदुरबारची लाल मिरची आणि मीठ भुरभुरलं होतं. आंबट फळ दुसरं कसं खायचं? साहेबांनी एक तोंडात टाकलं. नाक लाल झालं, डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यांनी दुसरं उचललं! बशी रिकामी झाली. मास्तरांनी हात जोडले.

"साहेब, तेवढं बदलीचं..."

"बदली? छे, छे!" साहेब म्हणाले. "अशी स्ट्रॉबेरी या लाइनीवर कुठेच नाही. तुम्ही गेलात तर ही झाडं मरतील. मास्तर, तुम्ही आता इथेच राहायचं!"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. दाराशी उभी असलेली मुलगी एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत होती. एवढी थंडी काढली ती यासाठी?

माईने पदर खोचला. दोन्ही हातांत एकेक बादली उचलली, तरातरा चालत गेली आणि नंदुरबारकडेच निघालेल्या साहेबांच्या सलूनमध्ये नेऊन ठेवली. परत आली, आणखी दोन उचलल्या. शेवटच्या दोन उचलताना साहेबांसमोर थांबली.

"सायेब, बादलीले कडी कसाले ऱ्हास?"