तीनांची रांग

योगराज मास्तर गणिताचे. दवनीवाड्याकडच्या एका गावात बावीस वर्षं त्यांनी पोरांकडून पाढे घोकून घेतले, पण कधी कोणी नारळसुद्धा हातात दिला नाही. आणि टाळ्या कोणाला? तर खेळाच्या मास्तराला, हेमेंद्रला! पोट दुखणार नाही तर काय होईल?

झालं असं. शाळेत पोरं तीनशे एकतीस. सव्वीस जानेवारीच्या कवायतीला हेमेंद्र सारख्या रांगा पाडायला गेला. दहाच्या पाडल्या, एक उरला. अकराच्या पाडल्या, एक उरला. पंधराच्या पाडल्या, तरी एक उरलाच. शेवटी उरलेल्याच्या हाती झेंडा देऊन त्याने त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं, आणि शाळेत तीच पद्धत पडली. मग गड्याने डोकं चालवलं. एकतीसला कशानेच भाग जात नाही, तीनशे एकतीसलाही नाही. त्याने भिंतीवर रंगवलं: ३१, ३३१, ३३३१, ३३३३१... खाली लिहिलं, 'कितीही तीन लिहा, शेवटी एक लिहा, मूळ संख्याच मिळेल.' तपासणीचे साहेब त्या भिंतीपुढे फोटो काढून गेले.

शिट्टी वाजवणाऱ्याने मूळ संख्या शिकवाव्यात! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीपासून ते वही घेऊन बसले. मोबाईलला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. दोन, तीन, पाच, सात करत ते भाग देत सुटले. एकट्या ३३३३३३३१ ला साडेसातशेच्या आसपास भागाकार लागले. कशानेच भाग जाईना. म्हणजे एवढी हाडं झिजवून सिद्ध काय केलं, तर हेमेंद्रचंच खरं!

चिडून त्यांनी आणखी एक तीन लावला. सातव्याच भागाकाराला, सतराने, बाकी शून्य. पुन्हा करून पाहिलं. शून्यच. त्या दिवशी मास्तर दोन पोळ्या जास्त जेवले.

पुढच्या सव्वीस जानेवारीला अख्ख्या गावासमोर त्यांनी माईक घेतला. भिंतीवरचं खोटं आहे, ३३३३३३३३१ ला सतराने भाग जातो, असं ठणकावून सांगितलं. हेमेंद्र पुढे आला, वही घेऊन पानं उलटू लागला.

"सर, म्या तं तीनशे एकतीसपर्यंतच पाह्यलं होतं. बाकीचे अंदाजानं लिहून टाकले. हे सगळे तुमी तपासले?"

मग त्यानेच माईकवर सांगितलं, की आपलं चुकलं. पण पहिल्या सातही संख्या खऱ्या, आणि ते गावात फक्त योगराज सरांनाच ठाऊक होतं. यंदा झेंडा रांगांतून उरलेल्या पोरीकडे, गुंजनकडे होता. तिला त्याने तो सरांच्या हाती द्यायला लावला.

टाळ्या पडल्या. ज्यांच्यासाठी बावीस वर्षं जीव तुटला, त्याच. मास्तर झेंडा धरून उभे राहिले आणि पाहतात तर सगळ्यांत जोरात हेमेंद्र वाजवत होता, कपाळावर एक आठी नाही. मास्तरांच्या पोटात पुन्हा कळ उठली, पहिल्यापेक्षा मोठी.

"हेमेंद्र, तुले राग काऊन नाही आला?" त्यांनी हळूच विचारलं.

"कायचा, सर?" तो म्हणाला, आणि टाळ्या वाजवत राहिला.