घर तळेऱ्याला निघालं त्या दिवशी

आमचं घर एकदा समुद्राकडे पाठ करून, आत घाटाकडच्या तळेऱ्याच्या दिशेने निघालं होतं. फार लांब गेलं नाही. स्वयंपाकघराची कौलं परसातल्या केळींपर्यंत पोचली आणि तिथेच त्यांनी मुक्काम केला. या प्रवासाची सगळी तयारी माझी होती, म्हणून कोणी विचारलं की मलाच सांगावं लागतं.

मी कुडाळकडची. माहेरच्या विहिरीचं पाणी इतकं गोड, की आमच्याकडे साखर फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरती! लग्न होऊन मिठबावला आले. तिथे समुद्र हाकेच्या अंतरावर. होळी सरली की तो आमच्या विहिरीत (तिकडे तिला बाव म्हणतात) शिरायचा, न विचारता. वैशाखात पाणी इतकं मचूळ व्हायचं, की चहात दूध घातलं की चहा फाटायचा. सासूबाई पेजेत मीठ घालायला विसरल्या तरी कोणाला पत्ता लागत नसे.

आमचे हे मुंबईला कापडाच्या दुकानात कामाला. वर्षातून एकदा, आंब्याच्या दिवसांत, पंधरा दिवस यायचे. (मी बोटांवर मोजायचे. मोजायला दुसरं होतंच काय?) लग्नानंतरच्या दुसऱ्या वैशाखात हे दहाव्या दिवशी पोट धरून बसले. "पाणी बाधता गो," म्हणाले आणि अकराव्या दिवशी एस.टी.त चढले. माझे चार दिवस समुद्राने गिळले! मी काही त्याला माफ करणार नव्हते.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि आमच्या घरात माझ्या सासऱ्यांचं. मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणायचे) जन्मभर गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून किनाऱ्याला लागलेले. खलाशी उरले नव्हते, त्यामुळे हुकूम आम्हा दोघी सासूसुनांना मिळत.

एका दुपारी मी त्यांना विचारलं, "मामांनू, पावसात छपराचां पाणी खंय जातां?"

"दर्यात."

"दर्याक कमी आसा काय?"

मामांचं पान चघळणं थांबलं. "नाय गो."

"मगे तां बावीत सोडूया. गोडां पाणी आत गेलां की खारां सरात मागे."

 मामांची एकदम मांडीवर थाप! "गलबतार आमी पावसात शीड ताणून पिपां भरी होतों! जुनां शीड माळ्यार आसा!"

"घराक शीड?" सासूबाई आतून म्हणाल्या. "लोक हसतले."

"हसांदेत. पाणी मागूक येतले, तेव्हा आमी हसूया!"

बावीच्या कडेला आम्ही खड्डा खणला. तळाला जांभ्याचे तुकडे, वर वाळू. छपराचं पाणी या खड्ड्यात पडावं आणि गाळून, मुरून बावीला मिळावं, असा बेत. शिडाची एक कड स्वयंपाकघराच्या वाशांना आणि दुसरी दोन पोफळींना. मामा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते.

"सरकगाठ मार गो, सुमन! वारो इलो तर एका झटक्यात सुटाक होयी!"

आता माझं माहेर शेतकऱ्याचं. मला आयुष्यात एकच गाठ येत होती, उधळणाऱ्या रेड्याला बांधायची. ती मी सात ठिकाणी मारली.

"मारलंस गाठ?"

"मारलंय, मामांनू!" (कुठली, ते त्यांनी विचारलं नाही.)

पाऊस लागला आणि आठ दिवस काय ती मजा! शिडाच्या पोटातून पाण्याची धार खड्ड्यात पडायची आणि शेजारीपाजारी छत्र्या धरून देवदर्शनाला यावेत तसे यायचे. मी त्यांना असं समजावून सांगत होते, जणू पाऊस माझ्याच माहेराहून आला होता.

नवव्या दिवशी दुपारी समुद्राकडून वारा उठला. शीड फुगलं. इतकी वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या त्या शिडाला आपलं मूळ काम आठवलं! वासे कुरकुरले.

"सोड! दोरी सोड!" मामा ओरडले.

मी धावले. भिजलेला दोर दगडासारखा झालेला. "सुटणा नाय, मामांनू!"

"कसली गाठ मारलंस?"

"रेड्याची!"

पहिलं कौल खाली आलं. सासूबाई पळी घेऊन बाहेर धावल्या. "अवो, घर खंय चललां?"

गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं ताठ उभे न राहिलेले मामा खुर्चीवरून उठले, ताठ झाले आणि गरजले, "तळेऱ्याक! घट धरून रवा!"

मी धरलं. हीच माझी दुसरी चूक! एक वासा निखळला, त्याच्यामागे कौलांची रांग, त्यांच्यामागे शीड आणि शिडामागे दोराला लोंबकळणारी मी. चिखलातून फरफटत थेट केळींमध्ये!

"आमटीत पाऊस पडता!" सासूबाईंचा आवाज आला.

मामा लंगडत माझ्यापाशी आले. "लागलां काय गो?"

"नाय."

"मगे रडतंस कित्याक?"

काय सांगणार? नवऱ्याचे चार दिवस वाढवायला गेले आणि सासूचं स्वयंपाकघर घालवलं! मामा मागे फिरले. सासूबाई मात्र माझ्याजवळ चिखलातच बसल्या. माझ्या केसांतला पाला काढत हळूच म्हणाल्या, "ह्यो माणूस आठ आठ म्हयने दर्यार असायचो. तेव्हा मिया दर्योच आटवूचो इचार करी होतंय. तू नुसतां छप्पर उडवलंस."

पुढचे दिवस आम्ही डोक्यावर इरलं घेऊन भाकऱ्या भाजल्या. यांना पत्र टाकलं, 'छप्पर थोडंसं उडालं आहे. काळजी नसावी.' आणि भर आषाढात, नखशिखांत भिजलेले हे दारात उभे! सोळाव्या वर्षी घर सोडलं, तेव्हापासून त्यांनी गावचा पाऊस पाहिलाच नव्हता. तांब्याभर पाणी प्याले आणि थबकले. "आपल्या बावीचां पाणी इतक्यां गोडां?"

पावसात सगळ्यांच्याच बावींचं पाणी गोड असतं. पण मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे आणि आम्ही दोघं गप्प बसलो.

हे बारा दिवस राहिले. छप्पर शाकारलं. शिडाच्या जागी पोफळीचं चिरलेलं खोड पन्हळ म्हणून लावलं. संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत बसून पाणी मुरताना बघायचो. बोलण्यासारखं फार नसायचं. पाऊसच इतका बोलायचा. आता मुंबईत नळ सोडला की गोडं पाणी येतं, पण ते बघायला शेजारी कोणी बसत नाही.

पुढच्या वैशाखात पाणी मचूळ झालं, पण चहा फाटण्याइतकं नाही. हे पुरे पंधरा दिवस राहिले. समुद्राशी माझा हिशेब मिटला होता. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. पण आषाढ लागला, पन्हळ वाजू लागली आणि मला काही राहवेना. एका सकाळी घरात कोणी नाही असं बघून मी लांब काठी घेतली, स्वयंपाकघरावरची चार कौलं पाडली आणि, उडवायला आता शीड नाही हे विसरून, यांना पत्र टाकलं, 'छप्पर पुन्हा उडालं आहे. काळजी नसावी.'

उलट टपाली उत्तर आलं. चार ओळींचं. पहिल्या तीन ओळींत कौलं शाकारणाऱ्या मेस्त्रीचा पत्ता होता. चौथी ओळ अशी, 'काठी जपून वापरावी.'